मुलुंडच्या गच्चीवरचं भिरा : एका सोसायटीच्या उदंचनाचा हिशोब

पंप चालू असताना पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा 8.8 वर होता. पंपमनने स्टार्टरचं लाल बटण दाबलं, मोटर घरघरत थांबली, एनआरव्ही (पाणी मागे फिरू न देणारी झडप) धाडकन बसला आणि काटा थरथरत 7.2 वर येऊन टेकला. मी दोन्ही आकडे वहीत लिहिले. पंपमनला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं होतंच, पण ते आज नव्हे. बारा वर्षांपूर्वी इमारत उभी राहिली तेव्हापासून.

इमारत मुलुंड पूर्वेला. बावीस मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. मी एनर्जी ऑडिटचं काम करते, पण इथे मला कुणी फी देऊन बोलावलं नव्हतं. चौदाव्या मजल्यावरचे काका माझ्या मामेबहिणीचे सासरे. बँकेतून निवृत्त, सोसायटीचे खजिनदार. त्यांच्या फाइलमध्ये ऑगस्ट 2023 मधलं एक कात्रण होतं : पुणे जिल्ह्यातल्या शिरवता इथे 1,800 मेगावॅट आणि रायगडमधल्या भिवपुरीला 1,000 मेगावॅट अशा दोन उदंचन (वीज स्वस्त असताना पाणी वर चढवून ठेवायचं, हवी तेव्हा खाली सोडून वीज करायची) प्रकल्पांसाठी टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात करार, खर्च साधारण 13,000 कोटी. कात्रणाच्या समासात काकांनी पेन्सिलने लिहिलं होतं : ‘आपल्याकडेही खाली टाकी, वर टाकी.’

कल्पना अशी. गच्चीवर वीस किलोवॅटची सोलर पॅनेलं बसवायची हे सोसायटीत ठरलेलंच होतं. दुपारी जी वीज जास्त होईल तिने पाणी वर चढवायचं. रात्री तेच पाणी खाली सोडून एक छोटं टर्बाईन फिरवायचं आणि जिने, लॉबी, पार्किंगचे दिवे त्यावर चालवायचे.

“भिऱ्याच्या वीजघरात शंभर युनिटांचे पंच्याहत्तर-ऐंशी परत येतात ना? आपल्याला सत्तर आले तरी मी खूश आहे,” काका म्हणाले. “तू फक्त सर्वसाधारण सभेत एवढं सांग, की हे होऊ शकतं.”

मी म्हटलं, “काका, आधी मोजूया. मग सांगते.”

भिऱ्याचे पंच्याहत्तर येतात कुठून

काकांचा आकडा चुकीचा नव्हता. तो दुसऱ्याच्या घरचा होता, इतकंच.

मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवून भिरा इथे वीज करायला 1927 साली सुरुवात झाली. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशीच्या शेतकऱ्यांसोबत सत्याग्रह केला होता. मुंबईच्या दिव्यांचा हिशोब मांडताना ती बाजूही विसरू नये. मुळा नदीचं पाणी खरं तर पूर्वेला, भीमेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जायचं. ते घाट उतरून कुंडलिकेत येतं आणि अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला सकाळी राफ्टिंग होतं ते वीजघरातून सोडलेल्या याच पाण्यावर. 1990 च्या दशकात तिथे 150 मेगावॅटचा एक उलटा-सुलटा चालणारा संच आला. तो खालच्या तळ्यातलं पाणी पुन्हा वर मुळशीत चढवू शकतो. राज्यात याच पद्धतीचं आणखी एक ठिकाण घाटघर. प्रवरेच्या उगमाकडे वरचं धरण, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला खालचं, मध्ये चारशे मीटरच्या आसपासचा कडा. 125 मेगावॅटचे दोन संच, 2008 पासून.

अशा आकाराच्या चांगल्या यंत्रांचे जे प्रचलित आकडे असतात ते धरून चालू. विजेचे 100 युनिट घेऊन निघालो. ट्रान्सफॉर्मर अर्धा टक्का खातो. मोटर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. उरले 97.8. मग पंप, आणि सगळ्यात मोठा घास त्याचा : 91 टक्के कार्यक्षमता धरली तर 89 उरतात. बोगद्याच्या आणि पोलादी नळाच्या भिंतींना घासत पाणी वर जाताना आणखी दीड टक्का. वरच्या तळ्यात पोचले 87.7. उतरताना पुन्हा नळाचं घर्षण, मग टर्बाईन 92 टक्के, जनित्र, ट्रान्सफॉर्मर. हातात येतात 77.8. वीजघराचे स्वतःचे पंखे, यंत्रं थंड ठेवणारे पंप, कॉम्प्रेसर, यंत्र सुरू करतानाचा खर्च वजा केला की आकडा 75-76 वर येतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दर-नियमांत पंपिंगला लागलेल्या विजेच्या 75 टक्के हाच आकडा धरलेला आहे, तो असा आकाशातून पडलेला नाही.

एक तोटा मात्र या हिशोबात बसत नाही आणि मुंबईकराने तो स्वतःच जोडून घ्यायला हवा. वीज वीजघरापर्यंत नेतानाही तारांमध्ये जाते आणि तिथून शहरात आणतानाही. राज्याच्या पारेषणातली गळती तीन टक्क्यांच्या आसपास असते. ती दोनदा लावली की 76 चे 71-72 होतात. कंपन्यांच्या माहितीपत्रकात हा दुसरा आकडा क्वचितच दिसतो.

हरवलेली वीज जाते कुठे, हे काकांनी विचारलं. बहुतेक उष्णता होते, आणि तीसुद्धा पाण्यातच. पाचशे मीटर उंचीवरचं पाणी टर्बाईन न फिरवता नुसतं खाली आदळलं, सगळी शक्ती उष्णतेत गेली, तरी त्याचं तापमान वाढेल 1.2 अंशाच्या आत. टर्बाईनने दहा टक्के घालवले तर वाढ 0.12 अंश. खूप उंचीवरून पाणी घेणाऱ्या वीजघरांत कार्यक्षमता मोजायची एक मान्य पद्धत हीच आहे : आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचा. काकांना ही गोष्ट इतकी आवडली की ते घरातला ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन यायला निघाले होते. बहात्तर मीटरला एकूण 0.17 अंश होतात, त्याला तो पुरला नसता.

तळघरातली मोजणी

गेजवरचा एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) म्हणजे दहा मीटर पाणी. पंप बंद असताना 7.2 : म्हणजे पाणी चढवायची खरी उंची बहात्तर मीटर. पंप चालू असताना 8.8 : म्हणजे पंप अठ्ठ्याऐंशी मीटर चढवल्याइतकी मेहनत करत होता. वरचे सोळा मीटर कुठल्याही टाकीत पोचत नव्हते. ते अडीच इंची जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपच्या भिंतींवर, अकरा एल्बोंमध्ये (वळणांमध्ये) आणि आत साचलेल्या गंजाच्या खवल्यांवर खर्च होत होते. पाच मजल्यांहून जास्त उंची, रोज, कुणालाही न दिसणारी.

वरची पिण्याच्या पाण्याची टाकी साठ हजार लिटरची. रिकामी टाकी भरायला बरोबर दोन तास लागले. अठ्ठ्याऐंशी घरं, घरी पाच माणसं, माणशी 135 लिटर धरलं तर रोजची गरजही तेवढीच होते, म्हणजे दिवसाला एक भरती. शेजारी आगीच्या पाण्याची वेगळी टाकी आहे. तिला हात लावायचा नाही हे काकांनाही मान्य होतं. मोटर किती वीज घेते ते मीटर लावून पाहिलं : 15.7 किलोवॅट. दोन तासांचे 31.4 युनिट.

आता एक सोपं माप. हजार लिटर पाणी 367 मीटर उचललं की एक युनिट. आपलं पाणी साठ हजार लिटर, उंची बहात्तर मीटर. गुणून भागलं की 11.8 युनिट. घातले 31.4, वर पोचले 11.8. शंभराचे साडेसदतीस. अजून टर्बाईनची गोष्टच नाही, हा फक्त चढाव.

मोटरने 88 टक्के दिले असं धरलं, तर पंपाच्या वाट्याला 52 टक्के येतात. हा आकडा वाईट आहे, पण मुंबईच्या तळघरांतल्या जुन्या मोनोब्लॉकसाठी (एकाच साच्यातल्या मोटर-पंपासाठी) तो अगदी ओळखीचा आहे. इंपेलर (पंपाचं फिरणारं चाक) आणि त्याभोवतीची रिंग यांच्यातली फट झिजून वाढते, दाबलेलं पाणी त्या फटीतून मागे फिरतं आणि पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा दाबत बसतो. मोठ्या यंत्राला इथेच आकाराचा फायदा मिळतो. कित्येक मीटर व्यासाच्या चाकाभोवतीची फट त्या चाकाच्या मानाने नगण्य असते. आपल्या पंपाचं चाक ताटलीएवढं, पण फट काही त्याच प्रमाणात बारीक करता येत नाही. नळाचंही तसंच. जाड नळात भिंतीला घासणारं पाणी थोडं आणि मधून मोकळं जाणारं जास्त. बोगदा कितीही लांब असला तरी दीडच टक्का जाईल असं नव्हे, पण रुंद बोगद्यात पाणी संथ वाहतं, आणि घर्षण वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट, तोटा चौपट.

उतरायचा हिशोब कागदावरच केला. त्यासाठी नवा चार इंची पाइप धरला, म्हणून घर्षण फक्त तीन टक्के. एवढ्याशा पाण्यासाठी खास टर्बाईन महाग पडतं, म्हणून बहुधा पंपच उलटा चालवतात. त्याला 60 टक्के, जोडलेल्या छोट्या जनित्राला 82. येतात 5.6 युनिट.

म्हणजे 31.4 घालून 5.6. शंभराचे अठरा.

काका बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बँकेत असं कर्ज दिलं असतं तर मला निलंबित केलं असतं.”

नवा पंप लावला तरी

कार्यक्षमता सुधारता येते, उंची सुधारता येत नाही. मुळशीचं हजार लिटर पाणी खाली येताना एक युनिटाहून जास्त देतं. मुलुंडचं हजार लिटर, काहीही न गळता, 0.2 युनिट देतं. घरातल्या इन्व्हर्टरची 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1.8 युनिट साठवते. बावीस मजल्यांवर ठेवलेलं साठ टन पाणी म्हणजे अशा साडेसहा बॅटऱ्या. त्या बॅटऱ्या वॉचमनच्या केबिनमधल्या बाकाखाली मावतात.

शिवाय पाणी रिकामं बसलेलं नाही. रात्री नऊला टाकी खाली केली तर सकाळी सहाला अठ्ठ्याऐंशी घरांच्या नळांना काय येणार? ते पाणी पहाटे पुन्हा चढवावं लागेल, तेव्हा सोलर झोपलेला. आणि महापालिकेचं पाणी पहाटे येतं तेव्हा खालच्या टाकीत जागा लागते; ती रात्री उतरवलेल्या पाण्याने भरलेली असेल तर फ्लोट व्हॉल्व्ह बंद होईल आणि आलेला पुरवठा दारातून परत जाईल. उदंचनात वरचं तळं जितकं महत्त्वाचं तितकीच खालच्या तळ्यातली रिकामी जागा. वेगळी जोडटाकी बांधायची तर गच्चीवर साठ टन वाढीव वजन. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने फोनवरच नाही म्हटलं, नकाशे मागवलेही नाहीत.

सोलरची जास्तीची वीज साठवायचा प्रश्न सोसायटीपुरता तसाही सुटलेला होता. नेट मीटरिंगने ती ग्रिडमध्ये जाते आणि बिलात वजा होते. ग्रिड ती कुठे आणि कशी मुरवतो हा ग्रिडचा प्रश्न, आणि तिथेच भिरा, घाटघर यांचं काम सुरू होतं.

सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी रास्त प्रश्न विचारला : मोठ्या प्रकल्पातही पंचवीस टक्के वाया जातात, मग हजारो कोटी का घालतात? मी त्यांना विजेच्या दराकडे बघायला सांगितलं. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी दुपारच्या सौर तासांत दर किमान वीस टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत, व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना, किमान 1.2 पट ठेवायला सांगितलं आहे. दुपारचं युनिट आणि संध्याकाळी सातचं युनिट यांची किंमत एक नाही. चार स्वस्त युनिट देऊन तीन महाग घेणं परवडू शकतं. पाच देऊन एक घेणं कधीच नाही. मुंबईला आणखी एक कारण आहे. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी दहाच्या सुमाराला शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या मोजक्याच, आणि शहराची भूक मोठी. अशा वेळी जलविद्युत संच काही मिनिटांत उभा राहतो, बॉयलर तापायची वाट बघावी लागत नाही. त्या मिनिटांची किंमत टक्केवारीत धरता येत नाही. बाईंना हे पटलं की नाही माहीत नाही. त्यांनी पुढचा प्रश्न पार्किंगचा विचारला.

मोठ्यांच्या अडचणी मोठ्याच असतात. ठराविक वेगाच्या जुन्या पद्धतीच्या संचाला पंपिंग करताना शक्ती कमी-जास्त करता येत नाही. घेतली तर पूर्ण, नाहीतर बंद. सोलर ढगाखाली गेला की हा हट्ट अडचणीचा ठरतो. उत्तराखंडमधल्या टिहरीला 250 मेगावॅटचे चार संच बदलत्या वेगाचे निवडले ते यासाठी. दुसरी अडचण आमच्या पंपमनला तोंडपाठ होती : वरची टाकी भरली हे कळायचं कसं? तो पन्हाळीतून ओव्हरफ्लोचा आवाज आला की बटण दाबायचा, कारण टाकी भरली की पंप थांबवणारा फ्लोट स्विच वर्षभर बंद होता. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या टॉम सॉक इथल्या उदंचन प्रकल्पात 14 डिसेंबर 2005 च्या पहाटे हेच झालं. पातळी मोजणारे सेन्सर जागचे हलले होते, ते पाणी कमी असल्याचं सांगत राहिले, पंप चालू राहिले. वरचं तळं काठावरून वाहिलं आणि बांध फुटला. मी हे सांगितल्यावर फ्लोट स्विच दुसऱ्या दिवशी आला. इतक्या वर्षांच्या ऑडिटमध्ये माझी एवढ्या चटकन अमलात आलेली दुसरी शिफारस नाही.

काय केलं

टर्बाईनचा ठराव काकांनी स्वतःच मागे घेतला. त्याच्या जागी मी तीन गोष्टी सुचवल्या : अडीच इंची राइझर (पाणी वर नेणारा पाइप) काढून चार इंची, जुन्या मोनोब्लॉकऐवजी उभा मल्टिस्टेज (एकावर एक अनेक चाकांचा) पंप, आणि राइझर टाकीच्या वरच्या काठावरून आत न सोडता तळाशी जोडणं. तिसऱ्यामागचं कारण साधं. काठावरून सोडलं की पाणी आधी टाकीच्या माथ्यापर्यंत चढतं आणि मग आत पडतं. तो मीटर-दीड मीटर फुकट जातो.

पाइप बदलल्याचा परिणाम मलाही दर वेळी नव्याने चकित करतो. पाणी तेवढंच ठेवून व्यास दीडपट केला की घर्षण आठव्या हिश्शावर येतं. काटा 8.8 वरून 7.3 वर आला. मोटर आता साडेनऊ किलोवॅट घेते. दोन तासांची भरती 19 युनिटांत. रोजचे बारा युनिट वाचले. टर्बाईनने साडेपाच दिले असते.

काकांनी पंपाच्या खोलीत एक वही लटकवली. तारीख, सुरू, बंद, मीटर, गेज. पंपमन प्रामाणिकपणे भरतो. एकोणीस, एकोणीस, साडेएकोणीस, एकोणीस. सात आठवड्यांनी अचानक बावीस, मग तेवीस. त्याच रात्री अकराला फोन.

“अगं, तुझ्या नव्या पंपाचं टर्बाईन झालंय.”

“म्हणजे?”

“बंद आहे आणि फिरतोय. उलटा. मी समोर उभा आहे.”

एनआरव्ही नीट बसत नव्हता. राइझर तळाशी जोडल्यामुळे आता अख्खी वरची टाकी त्या एका झडपेवर टेकलेली होती. काठावरून सोडलं असतं तर फक्त पाइपमधलं पाणी उतरून थांबलं असतं. दीड मीटर वाचवायला मी सुचवलेल्या बदलाने हे दार उघडलं होतं, आणि दुसरी झडप लावायला सांगायचं मीच विसरले होते. टाकीतलं पाणी पंपातून उलटं उतरून खालच्या टाकीत जात होतं, जाताना इंपेलर फिरवत होतं, आणि सकाळी तेच पाणी पुन्हा वर चढत होतं.

“गेट व्हॉल्व्ह बंद करा, काका.”

“करतो. पण थांब जरा. दिवा लावला असता का गं याच्यावर?”

दुसऱ्या दिवशी प्लंबरने झडप उघडली. चकती आणि सीट यांच्यामध्ये पाइपच्या सांध्यांना गुंडाळायच्या त्याच्याच सफेदा-सुताचा बोटभर तुकडा अडकलेला होता. तो काढला, वर दुसरा एनआरव्ही जोडला. वहीत त्या तारखेसमोर काकांच्या अक्षरात लिहिलंय : ‘19. गेज 7.3. सूत – 1 नग.’